चाळिसाचे त्रेपन्न टाके

नानाखेडा, उज्जैन
१४ डिसेंबर

ती. सुलूताईस,

शैलेंद्रचा बसल्या जागेवरून नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण गुडघ्यांची परवानगी नाही, आणि मोठ्या बहिणीला खोटं कशाला लिहायचं.) तुझी शुगर, तुझा दमा आणि नाशिकची थंडी ही तिन्ही आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. केतकीला सातवा लागला. पुण्याच्या डॉक्टरीणबाई सगळं व्यवस्थित आहे म्हणतात, आणि संक्रांत झाली की ती बाळंतपणाला इकडे येईल. फोन सोडून हा पत्र का लिहीत बसला, असं तुला वाटलंच असेल. आपल्याकडे फोन स्पीकरवर टाकून बोलायची पद्धत पडली आहे, आणि हे मुक्ताच्या कानावर जायला नको.

तर, मी विणायला लागलो आहे. हसून घे, मग पुढचं वाच.

दोन वर्षांपूर्वी केतकीचं पाचव्या महिन्यात काय झालं ते तुला माहीत आहे. त्यानंतर मुक्ताने सुया आणि लोकर उशीच्या अभ्र्यात बांधून माळ्यावर टाकली ती टाकलीच. बाळासाठी आधीपासून काही करायला घेतलं म्हणून असं झालं, हे तिच्या डोक्यात बसलं आहे. मी पुष्कळ समजावलं, पण मी समजावून आजवर कोणाला काही समजलेलं नाही. विणणं गेलं ते गेलंच, घरातलं सगळं शिवण-टिपण गेलं. ही कोण बाई, तर मोज्याला भोक दिसलं की जेवण अर्धं टाकून सुई-दोरा आणणारी. आपल्या घरात कपडा कधी निवृत्त होत नसे, त्याची फक्त बदली होत असे. साडीचा पडदा, पडद्याची पिशवी, पिशवीचं पायपुसणं, आणि पायपुसणं विरलं की स्कूटर पुसायला माझ्याकडे. तीच मुक्ता आता काही फाटलं की म्हणते, ‘अहो छोडा ना, बर्तनवालीला देऊन टाकू.’ माझ्या दोन पँटी देऊन तिने चहाची गाळणी आणली. एकीची नुसती शिवण उसवली होती गं. रोज सकाळी चहा गाळताना त्या मला आठवतात.

आता केतकीचं पुन्हा सगळं चांगलं चाललं आहे, तर हिने हौसेने काही करावं की नाही? नाव काढत नाही. दिवसभर टीव्हीसमोर बसते, आणि हातांना काही काम नाही म्हणून बोटांनी पदराचे दोरे ओढते. मला ते बघवत नाही, ताई. म्हणून मी ठरवलं की हिला उपदेश करायचा नाही, हिच्यासमोर बसून आपणच विणायचं.

लोकर नवी आणणार नव्हतो. बाळाच्या अंगाला पहिली लोकर घरातल्या मोठ्या माणसाच्या अंगावरची, ही आपली रीत. म्हणून अण्णांचा मरून स्वेटर काढला. (आपल्या अण्णांनी तो बावीस हिवाळे घातला, शेवटची चार वर्षं तर उन्हाळ्यातही.) स्वेटर उसवायचा म्हणजे आधी बाजूच्या शिवणी उलगडायच्या आणि जिथे विणकाम संपवलं तिथून धागा ओढायचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी सुरुवातीच्या टोकाकडून ओढायला लागलो. तो काही येईना. मी आणखी ओढला. शेवटी कात्री घेतली. कात्री हे माझं चुकलंच, मान्य आहे. हात-हातभर लांबीचे तुकडे निघाले, आणि त्यांना गाठी मारण्यात माझा अख्खा आठवडा गेला. मग लडी करून, वाफ देऊन, वळ्या जाव्यात म्हणून ती दोन खुर्च्यांच्या पाठींवर ताणून ठेवली, तेवढ्यात शेजारचे चौहानसाहेब पेपर मागायला आले आणि तिच्यात पाय अडकवून खुर्चीसकट खाली बसले. त्यांना लागलं नाही. पण उठताना ते मला म्हणाले, ‘भाई साब, रिटायरमेंट का ऐसा है, कोई भी टूट सकता है.’ तेव्हापासून ते माझ्याशी फार प्रेमाने बोलतात.

हे सगळं मुक्ता टीव्हीसमोर बसून बघत होती. मी मोबाइलवर बघून चाळीस टाके घातले. दहाव्या ओळीला मोजले तर त्रेपन्न. चौतीस वर्षं बँकेत काढली, मोजण्यात मी कधी चुकलो नव्हतो. हे तेरा टाके कुठून आले ते मला आजही सांगता येणार नाही. कड एका बाजूला शिप्रेच्या घाटासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत होती. मधे दोन भोकं होती, त्यांतून माझी करंगळी सहज जात होती. मी विणकाम तसंच सोफ्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो.

परत येऊन बघतो तर टाके चाळीस. कडा सरळ, भोकं गायब. मला वाटलं आदल्या दिवशी चष्म्याचा नंबर चुकला असेल. असं तीन दिवस झालं. संध्याकाळी मी बिघडवायचो, सकाळी ते नीट दिसायचं, आणि मी मूर्ख, हात बसायला लागला म्हणून खूश. चौहानसाहेबांना मफलर करून देण्याचा शब्दही देऊन बसलो.

चौथ्या दिवशी कानटोपी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलो. खिडकीतून आत पाहिलं तर मुक्ता सोफ्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, माझं विणकाम मांडीवर. ओठांतल्या ओठांत टाके मोजत होती. माझ्या दोन ओळी उसवून, गळलेला टाका सुईच्या टोकावर उचलून घेत होती. दोन वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. मी तसाच मागे फिरलो, बिनटोपीचा बस स्टँडपर्यंत गेलो आणि लागोपाठ दोन चहा प्यायलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं होतं. चहावाल्याला मी धुरामुळे म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, गॅसचा चुल्हा आहे.

त्या दिवसापासून मी मुद्दाम चुकतो. पण चुकायलाही अभ्यास लागतो, ताई. लहान चूक केली तर ती पाच मिनिटांत दुरुस्त करून उठते. फार मोठी केली तर संशय यायचा. म्हणून रोज संध्याकाळी तिला अर्धा तास पुरेल इतपतच बिघडवतो. काल तिने आपणहून विचारलं, ‘अहो, हे बनतंय काय?’ मी झबलं म्हणालो. ती म्हणाली, ‘रहने दो, तुमच्याच्याने नाही होणार.’ आणि उठून गेली. पण हसत गेली.

बाकी सर्व ठीक. तुषारला आशीर्वाद सांग, आणि गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा धाकटा,
शैलेंद्र

ता. क. आता मुद्द्याचं. अण्णांचा स्वेटर आठ दिवसांत संपेल, आणि तो संपला की ही पुन्हा टीव्हीसमोर बसेल. तुझ्याकडे जुने स्वेटर असतील ते पाठव. जाड लोकरीचे पाठव, बारीक लोकर मला बिघडवायला जमत नाही. मुक्तापाशी काही बोलू नकोस.

ता. क. २. सगळ्याच चुका मुद्दाम असतात असं वर लिहिलं आहे. निम्म्याच असतात.

वन्सं, मुक्ताचा नमस्कार. तीस वर्षांच्या सवयीने ह्यांनी खाली माझ्या चार ओळींपुरती जागा सोडली आहे, आणि पत्र माझ्यासमोर ठेवून डिंक शोधायला गेले आहेत. ह्यांच्या मुद्दामच्या चुका मला पहिल्या दिवशीच कळल्या. त्या दर ओळीत सातव्याच टाक्यावर असतात. स्वेटर जरूर पाठवा, आणि मी वाचलं हे ह्यांना कळू देऊ नका, फार मन लावून चुकतात. काल माळ्यावरचं अभ्र्याचं गाठोडं काढलं. आज टोपड्याचे टाके घालायला बसले, पण बाळाचं डोकं केवढं असतं तेच विसरून गेले आहे. तुषारचं टोपडं अजून जपून ठेवलं असेल तर मापाला पाठवाल का?