‘जाऊन येते’चा गुन्हा

नागोया,
थंडीची सुरुवात, १९९८

प्रिय अंबू,

‘जाऊन येतेऽऽ!’

सांगलीच्या आपल्या पहिल्या बिऱ्हाडाच्या दारातून येणारा तुझा तो आवाज आज सकाळी कानात इतका स्पष्ट वाजला, की हातातला चहाचा कप मी खालीच ठेवला. शेवटचा ‘ते’ लांबवून, जरासा वर चढवून तू ओरडायचीस. तंजावरचा हेल! आमच्या आळीतल्या बायका नुसतं ‘येते’ म्हणायच्या. तुझं ऐकून माझी आई हसू दाबत विचारायची, ‘अगं, कुठं जाऊन येतेस? माहेरी चार महिने राहायला निघालीस ना?’ आणि तू गोरीमोरी व्हायचीस.

तू गेल्यापासून मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. टपाल खात्यात जन्म गेला. पत्ता नसलेल्या पाकिटाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. संताप झालाय, अंबू! माझ्या संतापावर पाणी ओतणारी माणसं घरात पुष्कळ आहेत. तेल ओतणारी एकटी तूच होतीस.

तवमणीचा अर्ज नामंजूर झाला.

आपली तवमणी! दोन वर्षांपूर्वी आपण दोघं इथं लेकाकडे, श्रीधरकडे, तीन महिने राहायला आलो होतो, तेव्हा तुला भाजीच्या दुकानात सापडलेली. इथं भाजीला कुणी हात लावत नाही, आणि ही सावळी, शिडशिडीत बाई वांगी उलटीपालटी करून देठ तपासत उभी. तू माझी बाही ओढलीस. ‘अहो, ही आपल्याकडची!’ मी ‘कशावरून?’ म्हणेपर्यंत तुझं तमिळ सुरूसुद्धा झालं. ती तिथंच रडायला लागली. दुकानदार बिचारा इतका घाबरला, की त्यानं तिला एक वांगं फुकट दिलं!

तंजावरच्या मराठी घरातली तू, श्रीलंकेतल्या जाफन्याची ती. तासाभरात तुम्ही मायलेकी झालात. मला कुठं तमिळ येत होतं? स्वयंपाकघरातून येणारे तुमचे हुंकार तेवढे कळायचे. मग तू बाहेर येऊन, पदरानं डोळे पुसत, मराठीत सांगायचीस. ती शाळेत शिकवायची. नवऱ्याला तिथल्या लढाईतल्या एका बाजूचे लोक घेऊन गेले. दुसऱ्या बाजूचे लोक आले आणि विचारू लागले, ‘तो त्यांच्याबरोबर का गेला?’ पुन्हा येऊ, म्हणाले. त्याआधीच ती निघाली. कुणाच्या तरी ओळखीनं अल्पमुदतीचा व्हिसा मिळाला, तो जपानचा. दुसऱ्या कुठल्या देशाचा मिळाला असता तर तिथं गेली असती. जीव वाचवणारा माणूस नकाशा उघडून देश निवडत बसतो का?

इथं आश्रय मागायचा तर देशात पाऊल ठेवल्यापासून साठ दिवसांत अर्ज करावा लागतो, हे तूच शोधून काढलंस. परदेशी लोकांना मदत करणाऱ्या चर्चमधल्या त्या ओगावा-सानना, म्हणजे ओगावाबाईंना, गाठलंस. मी म्हणालो, ‘अगं, परक्या देशाच्या कारभारात आपण कशाला पडायचं?’ तू म्हणालीस, ‘तुम्ही तुमच्या कविता म्हणत बसा. मी हिला घेऊन जाते.’ आणि मग जीभ चावून, ‘जाऊन येते.’

ती सवय! काही झालं तरी दारात ‘जाते’ म्हणायचं नाही. मलाही कधी म्हणू दिलं नाहीस. आमच्या शाळेत निरोपाच्या कविता फार. सासरी निघालेली मुलगी, लढाईवर निघालेला शिपाई, गाव सोडून निघालेला कुणी अभागी. मास्तर चालीवर म्हणायचे आणि आम्ही मागून. शेवटच्या बाकावर बसून मी खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघत डोळे ओले करायचो. तुला म्हणून दाखवल्या, तर तू म्हणालीस, ‘तुमच्या कवितेतले सगळे नुसते जातात. त्यांना येतो म्हणायला कुणी शिकवलं नाही का?’

किती हसलो होतो गं आपण!

आता ऐक. अर्ज का नामंजूर झाला, ते ऐक.

मुलाखतीला तमिळ जाणणारं कुणी मिळालं नाही म्हणून तवमणीला तिच्या मोडक्या इंग्रजीत बोलायला लावलं. एक दुभाषी बाई त्याचं जपानी करत होत्या. कितीतरी प्रश्न. त्यातला एक: ‘घर सोडताना आईला काय म्हणालात?’ तवमणीनं खरं ते सांगितलं. ‘पोयिट्टु वरेन.’ जाऊन येते. इंग्रजीतही तिनं तसंच शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. आणि नकाराच्या कागदावर कारण काय आलं, ठाऊक आहे? अर्जदारानं लवकरच घरी परतण्याचा इरादा स्वतःच्या आईपाशी बोलून दाखवला होता. म्हणजे तिला जिवाची भीती वाटत नव्हती!

ओगावा-साननी काल संध्याकाळी हे इंग्रजीत वाचून दाखवलं, तेव्हा तवमणी आपल्याच घरात, तू बसायचीस त्या खुर्चीत बसली होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘अंकल, मग काय म्हणायला हवं होतं? मी मरायला जाते, असं?’



अगं, ‘जाते’ म्हटलं की माणूस परत येत नाही, या भीतीनंच तर आपण ‘येते’ म्हणतो ना! परतायची खात्री असलेला माणूस एखादे वेळी विसरेल. जिला खात्री नाही, ती कशी विसरेल? ज्या शब्दात तिची सगळी भीती भरलेली होती, तोच शब्द दाखवून तिला सांगताहेत, की बाई, तुला भीती नव्हती!

रात्री श्रीधरपुढं विषय काढला. दहाला घरी येतो बिचारा, मान मोडून काम करतो, हे मलाही दिसतं. पण काय म्हणाला तुझा मुलगा? ‘बाबा, आपण इथं पाहुणे आहोत. त्यांचे नियम ते ठरवणार. उगाच कुठं माझं नाव आलं, तर कंपनीत काय सांगू?’

मी म्हणालो, ‘पाहुणा मीसुद्धा आहे. विमानतळावर माझ्या पासपोर्टवर शिक्का मारताना तिथल्या पोरानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. का? तर तुझ्या कंपनीचं पत्र होतं. मी नातवाचे लाड करायला आलो, तर दार उघडं. ती जीव वाचवायला आली, तर तिच्या तोंडातला शब्द न् शब्द उलटा करून बघायचा!’

‘बाबा, हळू बोला. भिंती पातळ आहेत.’

भिंती पातळ आहेत म्हणे! तू असतीस तर त्याचा कान धरला असतास. इतका सावध मुलगा आपल्या घरात कसा वाढला, अंबू? तू त्याला जरा जास्तच जपलंस, असं माझं अजून मत आहे. राग येऊ दे तुला.

आणि आज सकाळी ते घडलं. आठाच्या आत ओंकार शाळेला निघाला. पाठीवर ते भलंमोठं चामडी दप्तर, एका पायात बूट, आणि दारातून त्याची आरोळी: ‘इत्तेकिमाऽऽस!’ तसाच शेवट लांबवून, तसाच वर चढवून. रोज ओरडतो. रोज मी पेपरात डोकं घालून बसलेला असतो. आज मात्र चहाचा कप खाली ठेवला तो याच वेळी.

‘मेधा,’ मी सूनबाईंना विचारलं, ‘हे म्हणजे काय गं?’

‘काय ते? इत्तेकिमास? आपलं जाऊन येतोच हो, बाबा. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो. घरातून निघताना सगळेच म्हणतात.’ ती डबा पुसत होती. तिचा हात थांबला. माझ्याकडं बघत राहिली. ‘अगं बाई! बाबा! मी हे रोज ऐकते हो! डोक्यातच आलं नाही कधी!’

सगळेच म्हणतात, अंबू! या अख्ख्या शहरात, दारादारातून, रोज सकाळी! मोटारीच्या कारखान्यात निघालेला म्हणतो, शाळेतली पोरं म्हणतात, आणि तो कचेरीतला साहेब, ज्यानं तवमणीला प्रश्न विचारला, तोही त्या दिवशी सकाळी बायकोला हेच म्हणून बाहेर पडला असेल! तंजावर, जाफना, सांगली, नागोया, साऱ्या उंबरठ्यांवर एकच शब्द. पण तिच्या घरातून त्यांच्या घरात जाताना तो मधल्या इंग्रजीच्या बोळातून गेला, आणि पलीकडं ‘मी घरी परत येणार आहे’ असा निर्धास्त जबाब होऊन बाहेर पडला.

साहेब म्हणेल, माझ्यापुढं तो शब्द आलाच नाही. नसेल आला! पण मरणाच्या दारातून निघालेली मुलगी आईला असं का म्हणाली असेल, हा प्रश्न त्याला पडू नये? ज्याच्या हातात माणसाचं आयुष्य आहे, त्यानं एवढा एक प्रश्न जास्तीचा विचारू नये?

आणि एकट्या जपानला कशाला बोल लावू! तिच्या भावाचं, सेल्वमचं, युरोपात काय चाललंय ऐक. तिकडच्या देशांनी एकमेकांमधली फाटकं काढून टाकली, म्हणून पेपरात किती कौतुक! मलाही वाचून बरं वाटलं होतं. सगळं जग एक होणार, असलं काहीतरी मी तुला डोळे मिटून ऐकवत असे ना? पण आतली फाटकं काढली, ती बाहेरची भिंत उंच करायला. सेल्वमचं विमान उतरलं इटलीत. चुलत भाऊ जर्मनीत, म्हणून तो तिथं गेला. जर्मनी म्हणते, पहिलं पाऊल जिथं पडलं तिथंच आश्रय माग. आणि इटलीत त्याचं म्हणायला कुत्रंसुद्धा नाही. सगळ्या देशांनी मिळून करार केलाय तसा.

अगं, चुकीच्या गावाच्या थैलीत पडलेलं पत्रसुद्धा आम्ही पुढं पाठवत होतो! पाकिटावर ओळखीच्या माणसाचं नाव असेल, तर त्याचा पत्ता शोधून पोचवत होतो. माणसाला तेवढाही मान नाही?

आता तुझ्यावरचा राग. तोही आज लिहूनच टाकतो.

जन्मभर दुसऱ्यांना ‘येते म्हणावं’ शिकवलंस, आणि दवाखान्यात जायला रिक्षात बसताना एक शब्द बोलली नाहीस. मी दाराला कुलूप लावत होतो. मागं वळून बघितलं, तर तू समोर बघत बसलेली. का गं? विसरलीस, की ठाऊक होतं? ठाऊक असेल तर खोटं बोलायचं होतंस! मी धरून बसलो असतो तेवढं एक. तवमणीची आई जाफन्यात तो एक शब्द धरूनच बसली असेल. कालपासून मला ती म्हातारी सारखी दिसते.

असो. रडण्यात दिवस घालवायचा नाही. नकाराविरुद्ध दाद मागायला मुदत अगदी थोडी आहे. सोमवारी कागद द्यायचाय. मेधानं आरुबाइतोला, म्हणजे तिच्या त्या बेकरीतल्या अर्धवेळ कामाला, आज सुट्टी टाकली आणि ओगावा-सानना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, ‘मी जपानी असून मला हे दिसलं नाही.’ पुढं म्हणाल्या, की आपण कितीही लिहिलं तरी कचेरी म्हणणार, जबाबात तसं नाही. भाषांतर चुकलं हे ज्यांनी केलं त्यांनीच लेखी द्यायला हवं. आणि त्या दुभाषी बाईंना कचेरीकडूनच काम मिळतं. त्या कशाला स्वतःच्या पोटावर पाय आणतील? तो रस्ता बंदच समजायचा.

म्हणून दाद मागण्याचा कागद मीच लिहायला बसलोय. चार पानं झाली. मेधानं वाचली आणि म्हणाली, ‘बाबा, यातल्या उपमा काढा. त्यांना उपमा चालत नाहीत.’ काढल्या! तुझ्यासाठी नसत्या काढल्या, तवमणीसाठी काढल्या.

तर हे वचन घे. सोमवारी मी तवमणीबरोबर त्या कचेरीत जाणार. श्रीधरला आवडो न आवडो. काळी टोपी घालून, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसणार. त्यांनी कागद घेतल्याशिवाय उठणार नाही. माझा स्वतःचा व्हिसा संपेपर्यंत रोज जावं लागलं, तरी रोज जाईन. भाषा येत नाही, तर न येवो. ‘इत्तेकिमास’ एवढं मला येतं. ते त्या साहेबाच्या तोंडावर म्हणेन आणि विचारेन, सांग बाबा, याचा अर्थ काय! तिला तू मुलगी म्हणालीस. मग ती माझीही झाली. तिला मी एकटं सोडणार नाही.

तुझाच,
केशव

(लग्नातल्या उखाण्यानंतर तू हे नाव कधी घेतलं नाहीस. आता घ्यायला हरकत नाही.)

ता. क. — पत्राची घडी घालत होतो, तेवढ्यात बेल वाजली. मेधानं दार उघडलं. पन्नाशीच्या एक बाई, काळा कोट, धापा टाकताहेत. स्टेशनपासून चालत आल्या असाव्यात. इतक्या खाली वाकल्या, की मी इकडं उठून उभा राहिलो. मेधा त्यांच्याशी दोन शब्द बोलली. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, ‘बाबा, त्या दुभाषी. ओगावा-साननी यांना फोन केला होता म्हणे.’

बाई अजून बूट काढताहेत. पर्समधून त्यांनी करंगळीएवढी एक लाकडी मोहोर काढून हातात धरली आहे. इथं सहीच्या जागी माणूस आपल्या नावाची मोहोर उमटवतो. त्यांनी मेधाला एवढंच विचारलं, की कागद तयार आहे का.