नातवाचं नाव पुलकेशी

तीर्थरूप बाबांना,
मायलेकरांचा नमस्कार.

बाळ काल काचेच्या पेटीतून माझ्या कुशीत आलं. दूध छान पितंय. झोपलं की मी श्वास ऐकत बसते, एवढंच.

नाव पुलकेशी ठेवलं. मी तापाने फणफणले की तुम्ही बलाढ्य सैन्य अडवून धरणाऱ्या त्या चालुक्य राजाची गोष्ट सांगायचात. डॉक्टर काहीच बोलेनात, तेव्हा पेटीला हात लावून मीही तीच सांगत राहिले.

हे म्हणाले, "अगं, डोक्यावर केस नाही आणि नाव पुलकेशी?" पण नर्सबाईंना पाळण्यावर लावायला नाव यांनीच लिहून दिलं.

आईचे गुडघे कसे आहेत? नाव जड वाटलं तर तिने पुलू म्हणावं.

बाबा, तुमच्यामुळे त्या दिवसांत माझ्या तोंडी शब्द तरी होते.

तुमची,
धाकटी