हात पाठीमागे

४ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोहोचलात, हे मालकांच्या ऑफिसातून कळलं. आई आता जरा जेवते. पुठ्ठा कापायचं यंत्र परदेशी विकलं म्हणजे ते चालवणारा मेकॅनिकही भंगारात काढला, असं ती मालकांना तोंडावर म्हणाली होती; यंत्रापाठोपाठ तुम्हाला तिकडे पाठवल्यापासून तेच मालक तिला ताई म्हणतात. तिकडचा कारखाना तुम्हाला पसंत करून पुढे कामाच्या व्हिसावर बोलावतो का, यावर आपलं घर टांगलेलं आहे, हे मी विसरलेले नाही.

म्हणूनच पुन्हा सांगते. कामाच्या परवान्याला महिनोन्‌महिने लागले असते. व्यावसायिक भेटीचा व्हिसा लवकर मिळाला, पण त्यावर फक्त बैठकीला बसता येतं, बघता येतं, बोलता येतं. मालक म्हणाले होते, अर्जात भेट लिहा आणि तिथे गुपचूप पाना हातात घ्या. तो अर्ज मी भरलाय, बाबा. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला पहिला उपयोग खोटं लिहिण्यासाठी व्हावा, हे मला चालणार नाही. यंत्राला हात लावू नका.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची लेक

१९ जानेवारी

चि. वकीलबाईस,
अ. उ. आ.

तुझ्या हुकमाप्रमाणे हात पाठीमागे बांधून कारखानाभर फिरतो. लोकांना वाटतं मोठा साहेब आलाय. यंत्रावरची बाई थेट तुझ्या आत्यासारखी, तेच नाक, तोच आगाऊपणा. मी दिसलो की तीही हात मागे घेऊन माझ्यामागून चालते आणि सगळे हसतात. तिची भाषा कळत नाही, टवाळी बरोबर कळते. जेवायच्या सुट्टीत मात्र डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवते. मी तिला आत्याच म्हणतो.

एक अडचण आहे. आपल्या यंत्राची खोड तुला ठाऊक आहे. बंद केल्यावरही कधीमधी त्याचा जबडा आणखी एकदा मिटतो. तिकडे मी त्यात लाकडी पाचर मारून ठेवली होती, ती प्रवासात कुठेतरी पडली. इथे पुठ्ठा अडकला की आत्या यंत्र बंद करते आणि लगेच आत हात घालते. हातोडीचे चार ठोके, बस. मारू का? लहानपणी तू मला सगळं विचारायचीस, आता मी तुला विचारतो.

आईला सांभाळ. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझे बाबा

१ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पाचर मारू नका. मी व्हिसाच्या अटी पुन्हा वाचल्या. दुरुस्ती म्हणजे काम, मग ठोके चार असोत की एक. कोणी पाहिलं आणि परत पाठवलं, तर तो डाग पासपोर्टवरून पुसला जात नाही. मग कामाचा व्हिसा विसरा. बैठकीत सांगा. बोलायला परवानगी आहे. दुभाष्यामार्फत साहेबांना नीट समजावा, ते लिहून घेतील. तिकडचे लोक लिहिलेलं पाळतात.

तुम्ही मला विचारलंत, याचा केवढा अभिमान वाटला! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला कधी भाजीसुद्धा विचारून आणली नाही या माणसाने.

तिकडच्या आत्यांना माझा नमस्कार सांगा, खुणेने. आणि तुमचा जीव या लेकीवर आहे तसाच असू द्या.

तुमची वकीलबाई

१६ फेब्रुवारी

चि. वकीलबाईस,
अ. उ. आ.

बैठकीत सांगितलं. साहेबाने लिहून घेतलं आणि पुढच्या बैठकीत विषय घेऊ म्हणाला.

मंगळवारी पुठ्ठा अडकला. आत्याने यंत्र बंद केलं, माझ्याकडे बघून हात पाठीमागे घेतले, हसली, आणि मग उजवा आत घातला. मला जबडा हलताना दिसला. मी ओरडलो, आपल्या भाषेत. जबड्याचा दांडा माझ्या अगदी जवळ होता, धरून ठेवला असता तर जबडा थांबला असता. तू म्हणशील, अशा वेळी माणूस सगळं विसरतो. मी विसरलो नाही. मला तुझा अर्ज आठवला.

चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

तुझे बाबा

२ मार्च

बाबा,

पाचर मारा. पत्र पुरतं वाचायच्या आधी उठा आणि मारा. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा, मी लिहून देते.

आई विचारते, तेवढ्यापुरता दांडा धरून ठेवायलाही त्या कागदात बंदी होती का. मी रात्रभर पुन्हा वाचलं. जीव वाचवू नका, असं कुठेच लिहिलेलं नाही, बाबा. तुम्हाला हे सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

माझ्यावर रागवा, पण लिहा.

१५ मार्च

चि. वकीलबाईस,
अ. उ. आ.

पाचर इथल्या सुताराने बसवली. मी लांबून जागा दाखवली. आत्याच्या जागी दुसरी बाई आली आहे, ती माझ्याकडे बघत नाही.

आता तुझ्या कामाची गोष्ट. चौकशीचे अधिकारी आले होते. पाहुण्याने यंत्राला कधी हात लावला का, असं त्यांनी एकेकाला विचारलं. आत्याला दवाखान्यात जाऊन विचारलं. ती म्हणाली, कधीच नाही. साहेब फार खूश झाला. असाच नियमाने वागणारा माणूस हवा म्हणून त्याने माझ्या कामाच्या व्हिसाचे कागद पाठवले आहेत. आईला सांग, घर वाचलं.

सोबत कारखान्याने दिलेलं प्रमाणपत्र पाठवतो. भेटीच्या काळात मी कशालाही हात लावला नाही, असं त्यात लिहिलंय. भिंतीवर तुझ्या पदवीशेजारी लाव. खिळा मात्र तूच ठोक.

लोभ आहे. त्याचं काय करायचं, ते तू ठरव.

तुझे बाबा