अर्ध्या शटरचं दुकान

४ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

दुकान उघडलं का म्हणून विचारतेस, तर उघडलंही आणि नाहीही. जागा मिळाली, जुनं पण धडधाकट मशीन मिळालं, बाहेर ‘बॅगदुरुस्ती – लवकरच सुरू होत आहे’ अशी पाटीसुद्धा लागली. शटर मात्र मी अर्धंच वर ठेवते. पूर्ण वर केलं की लोक आत येतील, आणि आले की काम सांगतील. आमचा बॅगांचा कारखाना बंद पडेपर्यंत मी तिथे तक्रारींच्या खिडकीवर बसले. कुठली चेन केव्हा दगा देते आणि कुठला पट्टा कुठे उसवतो, हे मला तोंडपाठ आहे. पण स्वतः एक बॅग शिवलेली नाही. आधी जाड कापडावर हात बसू दे, मग कातडं शिकेन, मग शटर. तुझे जावई म्हणतात की या चालीने दुकान त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास उघडेल.

तू तब्येतीचं काहीच लिहीत नाहीस. हसलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
बबडी


११ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अ. उ. आ.

चाळिशी उलटली तरी तुला बबडीच म्हणणार, कारण पत्र तसंच लिहिलंयस. अर्धं शटर म्हणजे काय गं? दुकान आहे की उंदराचं बीळ? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला साधं काज करता येत नव्हतं. सासऱ्यांच्या सदऱ्याचं कापड पुढ्यात आलं, शिवायला बसले, शिवता शिवता आलं. पहिल्या सदऱ्याची एक बाही लांब झाली. ते बिचारे ती दुमडून वर्षभर हिंडले आणि कुणाला बोलले नाहीत. तू कातडं शिकेपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बॅगा फाटून फेकून झालेल्या असतील.

माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? मुलगा आणि सूनबाई जीव लावतात. हातात सुई दिसली की सूनबाई हळूच काढून घेते, आता आराम करा म्हणते. आराम करून करून पाठ धरली आहे.

लोभ कुठे पळून जात नाही. पत्राचा तेवढा आळस करू नकोस.

तुझी,
मावशी


६ मार्च

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

शटरची गंमत ऐक. एक नर्सबाई वाकून, जवळजवळ रांगतच आत आल्या. मी पाटीकडे बोट दाखवलं, तर म्हणाल्या की लवकरच म्हणजे नक्की कधी, त्यांना ड्यूटीवर जायचंय. त्यांच्या पर्सची चेन निसटली होती. मी बसवली, आणि ती चालली! पाठोपाठ त्यांच्या वॉर्डातल्या आणखी दोघी आल्या, त्याही वाकून. शेवटी गिऱ्हाइकांच्या कमरांची दया येऊन शटर वर केलं. गल्लीत आता दुकानाचं नावच ‘लवकरच’ पडलंय. परवा कुणी तरी पोस्टमनला पत्ता सांगताना ‘लवकरच’च्या शेजारी असं सांगितलं म्हणे.

घोटाळाही करून ठेवला. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या बॅगेला नवं अस्तर लावताना खिशाचं तोंडच शिवून टाकलं, आणि आत त्यांचा चष्मा. त्यांनी चष्म्यासाठी शाळा पालथी घातली, मग बॅग चाचपत माझ्याकडे आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी म्हटलं, त्यांच्यासमोर टाके उसवले, पुन्हा शिवून दिलं. ते गेल्यावर रडून घेतलं.

काल ते परत आले. मला वाटलं, आता आणखी काय शिवून टाकलं मी! तर म्हणाले की चूक कबूल करून समोर सुधारणारं माणूस त्यांना पसंत आहे, शाळेच्या बँडला सगळ्या वाद्यांच्या नव्या खोळी हव्यात, कराल का. मावशी, मी ठिगळं लावणारी. खोळ मी जन्मात शिवलेली नाही, त्यातून ड्रम गोल! हो म्हटलं आणि फसलं, तर शाळेतल्या मुलांच्या घराघरांत नाव जाईल. नाही म्हटलं, तर जन्मभर चेनच बदलत बसेन. या महिन्यात उत्तर द्यायचंय. नाही म्हणू का?

उत्तर लगेच टाक. लोभ आणि धीर दोन्ही धाड.

तुझी,
बबडी


१२ मार्च

चि. बबडीस,
अ. उ. आ.

हो म्हण.

चष्म्याचं वाचून इतकी हसले की सूनबाई पाणी घेऊन धावत आली. आता गोलाचं ऐक. ड्रमच्या तोंडाएवढी चकती काप, शिवणीपुरती मोठी. तिला घड्या घालून कडेवर चार खुणा कर, बाजूच्या पट्टीवरही तशाच चार. खुणेला खूण टाचून घे. पट्टीच्या कडेला बारीक कात्री मार, म्हणजे ती निमूट वळेल. गोल उशांना मी आयुष्यभर अशाच खोळी घातल्या. कापड वाया घालवू नकोस, आधी जुन्या चादरीवर कर. पत्रातून याहून जास्त सांगता येत नाही, हात पुढ्यात असावे लागतात.

धीर वेगळा धाडत नाही, तो तुझ्याकडे आहे. लोभ धाडलाय.

तुझी,
मावशी


२० मार्च

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

चादरीची पहिली खोळ आचाऱ्याच्या टोपीसारखी झाली. दुसरी जरा माणसात आली, तिसरी ड्रमवर बसली. आज मुख्याध्यापकांना हो कळवलं. पण तुला न विचारता एक बोलून गेले. त्यांनी विचारलं की एकट्या कशा कराल, तर मी म्हटलं की आम्ही दोघी आहोत, आणि दुसरी माझ्याहून कसलेली आहे.

मावशी, ये. पाहुणी म्हणून बोलावत नाही, भागीदार म्हणून बोलावते आहे. सगळ्यांत मोठा ड्रम माझ्याच्याने होणार नाही. तू आली नाहीस तर मला जाऊन दिलेला शब्द परत घ्यावा लागेल.

वाट पाहते.

तुझी,
बबडी


२६ मार्च

चि. बबडीस,
अ. उ. आ.

काही तरीच काय! डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, तो काढून होऊ दे. उन्हाळा सरू दे. गुडघे सकाळी बोलतात. मोटारीवर चालणारं शिलाई मशीन मी दुरूनही पाहिलेलं नाही. या वयात दुकानात जाऊन बसले तर मुलाला काय वाटेल? तू एखादी तरणी मुलगी बघ.

बाकी ठीक.

मावशी


३० मार्च

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुला बोलावलं तेव्हाच दादालाही, तुला पाठवशील का म्हणून, वेगळं पत्र टाकलं होतं. त्याचं उत्तर आलं, की त्याला कशाला विचारायचं, आईला विचार.

दुसरी कुणी बघितली नाही. कापड आलंय. तुझी जागा खिडकीपाशी केली आहे, उजेड डावीकडून येतो. डोळ्यांना दिसेल तेवढंच शीव, उरलेलं मी बघेन. मशीन मी चालवेन, तू टाचून दे. पण भीती वाटत असेल तर तसं लिही, डोळ्यांवर आणि गुडघ्यांवर ढकलू नकोस. मलाही वाटते.

लोभाला काय, तू मागशील तेवढा.

तुझी,
बबडी


४ एप्रिल

चि. बबडीस,
अ. उ. आ.

हो, भीतीच वाटते. तुझं पत्र वाचून आधी राग आला. माझ्या हातचं आजवर घरातल्यांनीच वापरलं. वाकडंतिकडं झालं तरी चालवून घेतलं. बाहेरचा माणूस कशाला चालवून घेईल? सगळ्यांसमोर नापास व्हायचं हे काही वय नाही, असं वाटत होतं.

मग एक गोष्ट मनात आली. बबडे, मला आयुष्यात बोलावणी पुष्कळ आली. बाळंतपणाला ये, आजारपणाला ये, आम्ही गावाला चाललोय तर घर राखायला ये. मी गेले, आनंदाने गेले. पण भागीदार हो म्हणून बोलावणारी तू पहिली. आणि तुलाच मी उन्हाळा सरू दे म्हणून कळवत होते.

बुधवारी सकाळच्या बसने निघते. मुलगा बसवून देतोय. घरात सांगितलं तेव्हा सूनबाईचे डोळे भरून आले, मग तिनेच माझी कात्री धार लावून आणली. मी येईपर्यंत मोठ्या ड्रमच्या कापडाला हात लावू नकोस, ते मी कापणार.

लोभाचं आता समोरासमोर बघू.

तुझी भागीदार