तुझ्या लेकीला सांगितलेलं खोटं

प्रिय बाळ्या,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. माझा उजवा हात लुळा पडून मैफली सुटल्या, तेव्हा तू लेकीला माझ्याकडे पियानो शिकायला धाडलंस. नऊ वर्षं जीव ओतून शिकवलं तिला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वाजवून झाल्यावर तिने विचारलं, "आत्या, जमेल ना मला?"

तिच्यासारखं मी उभ्या जन्मात वाजवलं नव्हतं. ते मला सोसवलं नाही.

"तुझ्यात ते नाहीच गं," मी म्हणाले.

त्यानंतर तिने पियानोला हात लावला नाही.

काल ऑफिसातून परस्पर आली. माझी नखं कापताना म्हणाली, "आत्या, वेळीच खरं सांगितलंस, म्हणून मार्गी लागले."

मी तिला चहा ठेवायला सांगितलं.

तुझी,
ताई