चौथ्या वाफ्यातली सहा रोपं

२ ऑक्टोबर २०००

लागवड संपली. आठ वाफे, नऊशे रोपं, जात चँडलर. कंबर आहे की नाही ते उद्या कळेल.

महेंद्र सणसवाडीहून शिफ्ट संपवून आला आणि मोटरसायकलवरूनच म्हणाला, "आत्या, हॉस्पिटलातनं रिटायर झालात ना? मग शेतात परत वॉर्ड कशाला उघडलाय?"

गेल्या वर्षीची स्ट्रॉबेरी काळी पडून गेली, त्याचा हा टोमणा. बन्सी असता तर मुलाला दटावलं असतं. माझा धाकटा भाऊ, पण माझ्यापुढे कधी मान वर केली नाही. बाहत्तर साली जमिनीचा हक्क सोडल्याची सही मी त्याच्यासाठी हसत हसत केली. आता त्याचा मुलगा मला चार गुंठे वापरू देतो, आणि मी आभार मानायचे!

शेवटी ठरलं ते असं. यंदा रोगानं गेलं तर जुलैत इथं आडसाली ऊस. टिकलं तर हे चार गुंठे माझे, मी आहे तोवर. "ऊस लावला की दीड वरीस बघाया लागत न्हाई. मी शिफ्टला जाऊ का तुमची फळं राखू?" म्हणाला.

बोलला ते खरं आहे. म्हणून जास्त राग आला.

५ ऑक्टोबर

ताईबाई मोगऱ्याची फांदी घेऊन आली. ती शेजारीच राहते. दोन हंगाम महाबळेश्वरकडे स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत कामाला जाऊन आलेली. या पिकातलं माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं. तिच्या तोंडावर हे मी कधी म्हणणार नाही.

फांदी कुठली विचारलं. "मास्तरांच्या दारातली."

"मागितलीस का?"

"मागून आणल्यालं लागत न्हाई, सिस्टर. गुपचूप आणल्यालं जोमानं धरतं. समद्या गावाला म्हाईत हाय."

मी तिला दौंडच्या कॉन्व्हेंटची गोष्ट सांगितली. वडील रेल्वेत फायरमन. नन्सच्या झाडाचा एक पेरू मी तोडला, तर मदरनं इंग्रजीत शंभर ओळी लिहून घेतल्या — मी चोरी करणार नाही. आठ वर्षांची होते. बोट अजून दुखतं.

ताईबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पेरू ग्वाड व्हता का?"

२१ नोव्हेंबर

पहिलं फूल! पांढरं, पाच पाकळ्या, मधे पिवळं बटण. शाळेच्या युनिफॉर्मसारखं टापटीप.

१५ डिसेंबर

पहिलं फळ गेल्या आठवड्यात उभ्याउभ्याच खाल्लं. ताईबाईला सांगितलं नाही. दुसरं तिनं खाल्लं. तिनं मला सांगितलं नाही. देठ सापडला.

आज दोन टोपल्या घेऊन दौंडला गेले. स्टेशनबाहेर इनुसभाईंची फळांची गाडी आहे, वडिलांच्या वेळेपासूनची ओळख. म्हणाले, "बाई, तुमच्या खुटबावची स्ट्रॉबेरी म्हटलं तर गिऱ्हाईक मला हसेल."

"हसू दे. तोंड उघडलं की एक आत टाका."

दुपारपर्यंत दोन्ही टोपल्या रिकाम्या. इनुसभाईंनी उद्यासाठी तीन सांगितल्या आहेत. बसमधून येताना खिडकीशी बसून मी गाणं म्हणत होते. कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. पाहू दे.

२९ डिसेंबर

दुसऱ्या वाफ्यात फळावर डाग. काळा, खोलगट, बोट टेकवून दाबल्यासारखा.

हा रोग मी ओळखते. गेल्या वर्षी याच तोंडानं आला होता.

डाग पडलेली फळं वेचून जाळली. सगळ्या वाफ्यांवर झारीनं पाणी घालून पानं धुतली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. स्वच्छता हे पहिलं औषध. हे मी छत्तीस वर्षं पोरींना शिकवत आले.

१० जानेवारी २००१

सहा वाफे गेले. माना टाकल्यात. एक रोप उपटून बुंधा चिरला तर आतून विटकरी. महेंद्र बांधावर येऊन उभा राहिला. त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१२ जानेवारी

आनंदाची बातमी!

आज प्रत्येक रोपापाशी वाकून पाहिलं, वॉर्डात राउंड घ्यायचे तशी. चौथ्या वाफ्याच्या अगदी टोकाला सहा रोपं आहेत. पानं तुकतुकीत. फळं किंचित नारिंगी झाक असलेली, टोकदार. डाग एकही नाही! शेजारची रोपं मरून पडलीत, त्यांची पानं यांच्या अंगावर लोळताहेत, आणि या सहाजणी काही झालंच नाही अशा उभ्या.

साथीत असं एखादं माणूस मी पाहिलंय. सगळ्या घराला जुलाब-उलट्या, आणि एक म्हातारी भाकरी कुस्करून खात बसलेली.

ही नवी जात आहे. चँडलरमध्ये आपोआप निपजलेली. माझ्या शेतात. आईचं नाव देणार — सगुणा. पुण्याला शेतकी कॉलेजला इंग्रजीत पत्र टाकलं, तीन पानी. मदर असती तर व्याकरणाला पैकीच्या पैकी दिले असते.

३ फेब्रुवारी

कॉलेजचे साहेब आले. साहेब कसले, तिशीचा मुलगा. पण मुद्द्याचं बोलतो. पान उलटून पाहिलं, फळ चाखलं, आणि एका मिनिटात माझी सगुणा मारली.

"बाई, ही स्वीट चार्ली. अमेरिकेतली जात. तुमच्या वाफ्यात जो काळा रोग आलाय त्याला ही सहसा दाद देत नाही. चँडलर पटकन बळी पडते."

"म्हणजे हिला रोगच होत नाही?"

"असं नाही. हा होत नाही. करडी बुरशी मात्र हिलाही खाते."

हे मला लगेच पटलं. देवी टोचलेल्याला देवी येत नाही, म्हणून विषमज्वर काय सोडतो?

मग त्याची नजर झारीवर गेली. त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो एवढासा चेहरा करून म्हणाला, "वरून पाणी घातलं की थेंब उडतात. रोग त्या थेंबांबरोबरच एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. पाणी मुळाशी द्यायचं, पानाला लागू द्यायचं नाही."

एका जखमेचं पाणी दुसरीवर जाऊ द्यायचं नाही, यावरून मी किती पोरींना रडवलंय! आणि इथं मीच दिवसातून दोनदा, मोठ्या भक्तिभावानं, रोग वाटत फिरले.

महेंद्र बांधावरच होता. ऐकलं असणार सगळं.

जाताना साहेबांनी विचारलं, "पण चँडलरच्या बंडलात ही सहा आली कुठून?" ताईबाई जवळच खुरपत होती. ती एकदम फार मन लावून खुरपायला लागली.

४ फेब्रुवारी

ताईबाईनं कबूल केलं. महाबळेश्वरला कामावरून निघताना शेवटच्या दिवशी सहा रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून कमरेला खोचली. घरी डब्यात जगवली. लागवडीच्या दिवशी चौथ्या वाफ्याला रोपं कमी पडली, तिथं टोचून टाकली.

"मालकाचं नाव काय?"

"हिरव्या गेटवाला."

"चोरी केलीस तू."

"आन् तुमी काय रोग वाटून पुण्य केलं?"

मी चिडले. म्हटलं, शंभर ओळी लिहून दे — मी चोरी करणार नाही.

ती खुरपं पुसत म्हणाली, "लिवाया येत असतं तर मीबी तुमच्यासारखी सिस्टर न्हाई का झाली, बाई?"

चहा मी केला. दोघींनी वाफ्याच्या टोकाला बसून प्यायला. सहा झाडांना तेरा फळं होती. सात तिला दिली.

१५ एप्रिल

काल जयंती. गावात मिरवणूक, निळा गुलाल अजून केसांत आहे. ताईबाई दोन तास नाचली आणि आज कंबर धरून बसली आहे.

सहा झाडांना लांब दोरे फुटलेत, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला नवं रोप! एकेका दोऱ्याखाली मातीची पिशवी ठेवतो, मूळ धरलं की दोरा कापतो. नाळ कापण्याचं काम मला नवीन नाही. आतापर्यंत चाळीस बाळंतपणं. बाळ-बाळंतिणी सुखरूप.

महेंद्रला म्हटलं, टिकलं बघ. म्हणाला, "नऊशेतली सहा टिकली, आत्या. शाळंत एवढ्या मार्कात पास करत्यात व्हय? जुलैत ऊस."

१९ जून

एकशे छत्तीस पिशव्या झाल्या. शेडची जाळी, खाली विटा, पाणी मुळाशी. रोज मोजते.

२४ जून

आज अठ्ठ्याण्णव. अडतीस पिशव्या गेल्या!

तडक ताईबाईकडे गेले. ती हसायलाच लागली. "मी नेली असती तर निम्मी नेली असती, सिस्टर. अडतीस मोजून कोन नेतंय?"

पोलिसांत जाईन म्हणून रात्रीच्या जेवणात महेंद्रसमोर ओरडले. त्यानं मान खाली घालून भाकरी खाल्ली. टोमणा नाही, काही नाही. ओव्हरटाइम झाला असेल, अंगात कणकण असेल. कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

८ जुलै

गुरुवारी, बारा तारखेला ट्रॅक्टर येणार. उसाचं बेणं सांगून ठेवलंय म्हणे. मी उरलेल्या पिशव्या मोजत बसते. ताईबाई म्हणते, माझ्या परड्यात ठिवू. तिच्या परड्यात तिच्या शेळीलाच जागा नाही.

रडणार नाही. मोठ्या वॉर्डातून बदली झाली तेव्हाही रडले नव्हते.

१२ जुलै

ट्रॅक्टर आला नाही. महेंद्र शिफ्टला निघून गेला.

१३ जुलै

सकाळी सहज विहिरीकडे गेले. मोटारीच्या खोलीमागं त्याची उसाची जागा आहे, तिथं दोन नवे गादीवाफे. अडतीस रोपं, दोरी धरून लावल्यासारखी सरळ. प्रत्येकीच्या मुळाशी बारीक नळी, पानाला थेंब नाही. सगळी जोमानं धरलेली.

घरी आले, पन्नास पिशव्या गुपचूप पाटीतून नेल्या, आणि मोटारीच्या खोलीच्या दाराशी विसरून आले.