लिनोलियमखाली

अहो,

न्हाणीघराचं दार उघडू नका. स्मशानातून आलात की कशालाही न शिवता परसातून थेट आंघोळीला जाल, म्हणून हे इथे कडीलाच अडकवलंय.

फुटकी फरशी बदलणं परवडेना म्हणून परवा तुम्ही लिनोलियम अंथरलंत. तीन कडा चिकटवल्यात, मोरीकडची मोकळी ठेवलीत. आज दुपारी मधोमध फुगा दिसला. पाणी शिरलं असेल म्हणून मी तो पायानं दाबला. तर तो भिंतीकडे सरकला! लांबडं आहे हो आत. नावसुद्धा घ्यायची भीती वाटते.

यल्लव्वाक्कांचा भाऊ पकडणाऱ्याला आणायला गेलाय. विद्याला घेऊन मी त्यांच्याकडेच, शेजारी आहे. आंघोळीचं पाणी आणि धोतर तुळशीपाशी ठेवलंय. पाणी गार झालं असेल, पण आज तिथेच करा.

मघाशी दाराच्या फटीतून पाहिलं, तर फुगा नाही. लिनोलियम अगदी सपाट, तुम्ही बसवलंत तसं.

घरातही जाऊ नका, आधी मला हाक मारा. पळताना न्हाणीघराचं स्वयंपाकघराकडचं दार मी उघडंच टाकलंय.

कस्तुरा